वाऱ्याकडची रांग

जोराचं वारं सुटलं की आमचे घरमालक चहाने काठोकाठ भरलेला मग घेऊन रानात जायचे. चहा प्यायचा नसायचा. एखाद्या पाइनच्या बुंध्याशी, मुळांच्या फुगवट्यावर ते तो मग ठेवायचे आणि शेजारी उकिडवे बसून बघत राहायचे. तिथल्या ओल्या जमिनीत पाइनची मुळं खोल जात नाहीत, ताटासारखी पसरतात. वाऱ्याने शेंडा झुकला की ते ताट एका बाजूने किंचित उचललं जातं आणि पुन्हा खाली बसतं. चहा नुसता थरथरला तर झाड ठीक. काठावरून सांडला तर त्या झाडाच्या खोडावर निळ्या रंगाचा ठिपका, म्हणजे पुढच्या तोडीत त्याचा नंबर.

हे सगळं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. मी विचारलं होतं ते वेगळंच. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला जवळजवळ लागून तीन उंच पाइन होते आणि त्यांच्या बरोबर खाली माझ्या मुलीची खोली होती. मी विचारलं होतं, ही तीन झाडं कधी पाडणार?

"ती कशाला पाडायची?" ते म्हणाले.

"वादळात घरावर येतील म्हणून."

"त्यांच्यापर्यंत वारा पोचतच नाही."

मी सॉफ्टवेअरची चाचणी करते. काय काय बिघडू शकतं हे आधी शोधून काढायचं, याचाच मला पगार मिळतो. असं उत्तर कामावर कोणी दिलं असतं तर मी त्याला पुढच्या बैठकीत उभं केलं असतं. पण परदेशातल्या त्या मलिंगार शहरात भाड्याने घर मिळत नव्हतं. नवरा तिथल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ, त्याला कधीही बोलावणं येणार. शहरापासून वीस मिनिटांवरचं हे बैठं घर मिळालं होतं ते घरमालकांच्या बहिणीचं, ती गेल्यापासून रिकामं पडलेलं. घर उत्तम होतं. फक्त त्याच्यामागे एक अख्खं जंगल उभं होतं आणि ते जंगल एका माणसाच्या मालकीचं होतं, जो झाडांना चहा दाखवायचा.

त्यांना हाक काय मारायची हा प्रश्न होता. मला पहिल्या नावानेच हाक मारा, असं त्यांनी निदान दहा वेळा सांगितलं. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस. मला ते जमेना. आडनावाने हाक मारली की ते मागे वळून बघायचे, जणू त्यांचे वडील आलेत. शेवटी मी नाव टाळूनच बोलायला शिकले, आमच्या सासूबाई सासऱ्यांशी बोलत तसं. ते मला मिसेस म्हणायचे.

आयुष्यभर त्यांनी शाळेत सुतारकाम शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं. वडिलांनी पाणथळ कुरणात लावलेले पाइन त्यांच्या वाट्याला आले आणि निवृत्तीनंतर ते पूर्णवेळ जंगलाचे झाले. जंगल शोभेचं नव्हतं. त्यातलं लाकूड ते विकायचे, भाव नीट विचारून विकायचे. पण तोडायची पद्धत त्यांची स्वतःची. निळा ठिपका दिला म्हणजे झाड गेलंच असं नाही. ठिपका दिल्यावर ते त्या झाडाकडे परत परत जायचे, वर बघायचे, कुणाचं घरटं आहे, शेजारच्या झाडाला उजेड मिळेल की वारा, याचा हिशोब करायचे आणि कधीकधी निळ्यावर काळा रंग फासून यायचे. वाळलेली झाडं तर मुद्दाम उभी ठेवायचे. वटवाघळांसाठी.

"तुमच्याशिवाय माझे बरेच भाडेकरू आहेत," ते म्हणायचे. "खारी आहेत, मार्टेन आहे, घुबड आहे. ते कधी तक्रार करत नाहीत."

"ते भाडंही देत नाहीत," मी म्हणायचे.

"म्हणून तर तुमची तक्रार ऐकून घेतो."

ऐकून घ्यायचे, हे खरं. करायचे काही नाहीत. एकदा मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, पोहे दिले आणि कागदावर काढून दाखवलं: झाडाची उंची ही, घराचं अंतर हे. त्यांनी पोहे संपवले, पेन्सिल माझ्या हातातून घेतली, टोक बरोबर नाही म्हणून खिशातल्या चाकूने तासली आणि त्याच कागदावर जंगलाची पश्चिमेची कड काढली.

ती कड त्यांनी मला दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवली. इथला मोठा वारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला, रस्त्याला लागून, पाइनची एक रांग होती, आणि तिच्याइतकी कुरूप झाडं मी जंगलात दुसरी पाहिली नव्हती. बुटकी, वाकडी, जमिनीपर्यंत फांद्या, खोडावर गाठीच गाठी. लाकूड म्हणून कवडीमोल. पण ही झाडं लहानपणापासून वाऱ्यात वाढली होती, त्यामुळे त्यांची मुळं रुंद आणि मजबूत होती. त्यांच्या आडोशाने आतली झाडं सरळ, उंच, देखणी वाढली आणि त्याच कारणाने कमकुवत राहिली.

"वारा आधी यांना भेटतो," ते म्हणाले. "तुमच्या घरापर्यंत येईतो तो दमलेला असतो. या रांगेला कधी हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी नाही लावला, मी नाही लावणार."

हे मला पटलं. माझी काळजी संपली नाही, पण तिला बसायला जागा मिळाली. त्यानंतर वाऱ्याचा पिवळा इशारा आला की मी मुलीच्या खिडकीकडे न बघता मनातल्या मनात त्या वाकड्या रांगेकडे बघायचे. नारिंगी इशारा आला तरी घर शांत राहायचं. शेंड्यांचा समुद्रासारखा आवाज यायचा आणि खाली मागच्या अंगणात वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलायचा नाही.

आणि मग ती रांग त्यांनीच तोडली.

झालं ते असं. जंगलाच्या मध्यावरच्या एका पट्ट्याच्या तोडीचा परवाना मिळाला होता. यंत्र आणि ट्रक आत न्यायचे तर नेहमीची वाट पूर्वेकडून, आमच्या घराजवळच्या फाटकातून. त्या वर्षी मे महिन्यात फाटकाशेजारच्या पोकळ झाडात मार्टेनची मादी पिल्लं घेऊन होती. मार्टेन म्हणजे मांजराएवढा, तपकिरी, गळ्याखाली पिवळसर ठिगळ असलेला प्राणी, फार लाजरा. ट्रक गेले असते तर ती पिल्लं उचलून गेली असती किंवा टाकून गेली असती. घरमालक ठेकेदाराला म्हणाले, जुलैपर्यंत थांब. ठेकेदार म्हणाला, आत्ता नाही तर पुढच्या वर्षी. पट्ट्यातल्या निम्म्या झाडांना खोडकिडीने धरलं होतं, वर्षभर थांबले असते तर लाकूड वाया गेलं असतं.

तिसरा मार्ग एकच होता, पश्चिमेच्या रस्त्यावरून. त्यासाठी रांगेत ट्रकभर रुंदीचं दार पाडावं लागणार होतं.

मला हे कळलं ते करवतीच्या आवाजाने. मी गेले तेव्हा वाकडी झाडं आडवी झाली होती आणि ते बाजूला उभे होते.

"हात लावायचा नाही म्हणाला होतात," मी म्हटलं.

"म्हणालो होतो."

"मग?"

"पिल्लं आहेत हो, मिसेस."

"मलाही आहे एक पिल्लू. त्याची खोली तुम्हाला माहीत आहे."

उत्तर ठेकेदाराने दिलं, यंत्राच्या पायरीवर बसून सँडविच खाता खाता. चाळिशीचा गडी, वर्षानुवर्षं त्यांच्याकडे काम करणारा. "युवर मॅनला मी सांगितलंय," तो म्हणाला. युवर मॅन म्हणजे हे गृहस्थ. इथे समोर उभ्या माणसाबद्दलही असं बोलतात. "दार लहान आहे. बघू, निभावून जाईल हिवाळा."

कामावर मी "निभावून जाईल" हे शब्द वापरू देत नाही.

उन्हाळा गेला. मार्टेनची पिल्लं मोठी होऊन निघून गेली. सप्टेंबरपासून माझं हवामानाचं ॲप उघडणं सुरू झालं: सकाळी, जेवताना, बैठकीच्या मधे. अंगणातला टॉवेल हलू लागला. आधी कडा, मग अख्खा. घरमालक पूर्वी फक्त वाऱ्याच्या दिवशी मग घेऊन जायचे, आता रोज जाऊ लागले. बोलणं कमी झालं. आमच्या दारावरून जाताना ते मागच्या तीन झाडांकडे बघायचे नाहीत, मुद्दाम दुसरीकडे बघायचे. माझ्या मुलीच्याही ते लक्षात आलं.

"ही इज वरीड, मॅम," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र तिथल्या शाळेच्या इंग्रजीत येतात, आणि आईची तिथे मॅम होते.

"तुला कसं कळलं?"

"ही लुक्स लाइक यू."

जानेवारीत लाल इशारा आला. शाळा बंद, रस्ते बंद. नवरा आदल्या दिवसापासून रुग्णालयातच. सकाळी मी मुलीला घेऊन घराच्या पुढच्या बाजूला, स्वयंपाकघरात बसले. पाणी भरून ठेवलं, पोळ्या करून ठेवल्या, बॅटरी हाताशी. नऊच्या सुमाराला वीज गेली. दहापासून पुढचं मला आवाज म्हणून नीट आठवत नाही. आठवतं ते पायाखाली. फरशीतून धक्के येत होते, एकामागून एक, आणि दर वेळी थोडे जवळून. मुलगी टेबलाखाली बसून चित्र रंगवत होती. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि तिला रंग उचलून देत राहिले. मग धक्के थांबले. ते का थांबले हे बघायला जायची हिंमत व्हायला मला बराच वेळ लागला.

दुपारी वारा उतरल्यावर मी मागचं दार उघडलं. तिथे जंगल असायचं, तिथे आकाश होतं. पश्चिमेच्या त्या दारातून वारा शिरला होता आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून सरळ पुढे येत त्याने एक रुंद वाट आडवी केली होती. फणीने विंचरल्यासारखी सगळी झाडं एकाच दिशेला पडली होती. सगळे शेंडे आमच्या घराकडे. शेवटच्या पडलेल्या झाडाचा शेंडा आमच्या तीन झाडांपैकी मधल्याच्या बुंध्याला टेकला होता. ती तिन्ही उभी होती.

पलीकडच्या टोकाला घरमालक दिसले. मी पुढे पाऊल टाकणार तेवढ्यात ते ओरडले, "तिथेच थांबा. ताण आहे त्यांच्यात." पडलेलं झाड दुसऱ्याखाली दाबलेलं असतं, नको तिथे भार पडला की सुटून माणसाला उडवतं. ते लांबून वळसा घालून आले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"दार मीच उघडलं," ते म्हणाले. मग तीन झाडांकडे मान वर करून बघितलं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. "आता यांच्यापुढे कोणी राहिलं नाही. पाडायला हवीत."

दोन वर्षं मला हेच वाक्य ऐकायचं होतं. "कधी?" मी विचारलं.

"ठेकेदार मोकळा झाला की. याच आठवड्यात."

ठेकेदार दोन दिवसांनी आला, पण पाडायला आला नाही. घरमालकांनी त्याला दोर घेऊन वर चढवलं. मधल्या झाडात तांबड्या खारीचं घरटं होतं. पूर्वी ती शेंड्याशेंड्यावरून हवी तिकडे जायची. आता ती तीन झाडं बेट झाली होती. म्हणून या झाडापासून उत्तरेच्या उरलेल्या जंगलापर्यंत, पडझडीच्या वरून, त्यांनी जाड दोर ताणला, त्याला हेझलनटची पिशवी टांगली आणि आमच्या अंगणात घडीची खुर्ची टाकून बसले. खार दोरावरून पलीकडे गेली की झाडं पाडायची.

"आणि नाही गेली तर?" मी विचारलं.

"जाईल."

"तिला कोणी सांगितलंय?"

"वास घेऊन गेली सकाळी. विचार करतेय."

मी मुलीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. त्यांना डब्यात उपमा नेऊन दिला, तो त्यांनी दोराकडे बघत खाल्ला. खार दोराच्या सुरुवातीपर्यंत यायची, दोन हात पुढे जायची, परत फिरायची. मी दर तासाला ॲप बघत होते. शुक्रवारी दुपारपासूनचा नारिंगी इशारा लागला. गुरुवारी मी त्यांना फोन त्यांच्या नाकासमोर धरून दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी."

शुक्रवारी सकाळी ठेकेदार करवत घेऊन उभा राहिला. खार घरट्यात होती, शेपूट दिसत होती. पश्चिमेला आकाश शाईसारखं होत चाललं होतं. दहा वाजले, साडेदहा झाले.

"युवर मॅनला विचारा," ठेकेदार मला म्हणाला, "करवत चालू करू की घरी जाऊ. वारा आल्यावर मी याला हात लावणार नाही."

घरमालक खुर्चीतून उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ती कुठे झोपते आता?"

"बाहेरच्या खोलीत. जमिनीवर."

"आणि परत तिच्या खोलीत कधी जाणार?"

"ही झाडं गेली की."

त्यांनी खुर्ची घडी करून काखेत मारली. "कर चालू," ठेकेदाराला म्हणाले.

करवत लागताच खार बाहेर आली. दोराकडे तिने बघितलंही नाही. डोकं खाली करून खोडावरून सरसर उतरली, आमच्यापासून चार पावलांवर जमिनीवर आली आणि पडलेल्या फांद्यांच्या त्या ढिगाऱ्यात शिरली. पलीकडे निघाली का, कोणी पाहिलं नाही. ते फांद्यांकडे टक लावून उभे होते, मी आकाशाकडे. तिन्ही झाडं बारापर्यंत आडवी झाली, घरापासून लांबच्या बाजूला, व्यवस्थित. खोडं आतून निरोगी होती. वादळ आलं, छपराच्या काही पाट्या घेऊन गेलं.

"पडली असती का हो ती?" मी नंतर एकदा विचारलं.

"आता कळायला मार्ग नाही," ते म्हणाले. "मुलगी तिच्या खोलीत झोपते ना?"

"झोपते."

"मग झालं."

पडलेलं लाकूड निम्म्या भावाने गेलं. नव्याने लावायची वेळ आली तेव्हा सल्ला द्यायला आलेल्या तरुण अधिकाऱ्याने सांगितलं, दोन हिवाळे थांबा. पाइनच्या ताज्या खुंटांमध्ये एक भुंगा वाढतो आणि नव्या रोपांची साल सोलून खातो. खुंट जुने होऊ द्या, मग मधल्या भागापासून सुरुवात करा, लाकूड तिथेच येणार. घरमालकांनी मान डोलावली आणि त्याची गाडी वळल्याबरोबर पश्चिमेच्या कडेला खड्डे खणायला घेतले. जिथून एक पै मिळणार नाही तिथे पाइन, मधे मधे बर्च, खाली हॉलीची काटेरी झुडपं. भुंग्यांसाठी त्यांनी रोपांच्या रांगेत ताज्या सालीचे तुकडे पालथे घालून ठेवले. भुंगे सालीखाली जमायचे, ते रोज सकाळी जाऊन ती साल उलटायचे आणि भुंगे मुरंब्याच्या बाटलीत भरायचे.

"तुम्हाला दोन वर्षं थांबायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"मला थांबता येईल. वाऱ्याला सांगून बघा."

मुलगी तिच्या खोलीत शांत झोपायची. मी झोपायचे नाही. झाडं नाहीत म्हटल्यावर वारा थेट भिंतीवर यायचा, खिडक्या शिट्ट्या घालायच्या आणि मी छपराचा आवाज ऐकत पडून राहायचे. शेवटी आम्ही शहरात घर घेतलं. सामान बांधायला काढलं होतं त्या मार्चमधली ही गोष्ट.

पिवळा इशारा होता. मी मुलीच्या मागच्या खोलीतून बैठकीत होते, कानाला हेडफोन. तिथून आता सरळ पश्चिमेच्या कडेपर्यंत दिसायचं, मधे काही उरलंच नव्हतं. रोपं गुडघ्याएवढी झाली होती. त्यांच्या अलीकडे जमिनीवर काहीतरी निळं पडलं होतं. मी नीट बघितलं. त्यांचं जॅकेट होतं. जॅकेटात ते होते.

बूट घालायला मला वेळ लागला नाही. त्या उघड्या रानातून खुंट चुकवत, हेडफोन गळ्यात लोंबकळत मी धावले आणि धावताना डोक्यात सगळं क्रमाने मांडत गेले: नवऱ्याला फोन, रुग्णवाहिका, फाटक उघडायचं, घोंगडी. ते कुशीवर पडले होते, गाल गवताला लावून. डोळे उघडे होते.

"काय झालं? पडलात का?"

"नाही. खाली या."

"मी मीटिंग सोडून आलेय."

"म्हणजे आलाच आहात. खाली या."

मी आधी गुडघे टेकले. त्यांनी हाताने आणखी खाली, अशी खूण केली. मी कोपरावर आले, मग त्यांच्यासारखा गाल खाली नेला. ओली माती, पाइनचा वास. डोक्यावरून वारा जोराने जात होता, वरचा कान झोंबत होता. रोपं एका बाजूला झुकत होती आणि परत उभी राहत होती.

"आहे की नाही वारा कमी इथे?" त्यांनी विचारलं.

मी घाई केली नाही. गवताच्या पात्यांकडे बघितलं. टोकं हलत होती. बुडाशी पाती स्थिर होती.

मी हात वर करून अंगठा आणि करंगळी ताणली आणि त्यांना आडोशाची उंची दाखवली, एक वीत. त्यांनी ती नीट बघितली, हातावर बोट ठेवून माझी करंगळी थोडी आत सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

मी उठले, पँट झटकली आणि मीटिंगला परत गेले.